उणे दोन

कलामाच्या पुढे, डांबर संपून खारी माती लागते
तिथे आमचं काचेचं शेत.
पाऊस सहा वर्षांत एकदाच पडला म्हणतात,
मी तेव्हा आईकडे गेले होते.

ऊन मात्र इतकं
की ते मोजायला यंत्र कशाला, फुएन्सालिदा म्हणायचे,
कातडीला विचारा.
त्यांनीच घेतलं होतं ते क वर्गाचं,
तीन कोटेशनांतलं सगळ्यात खालचं.

मुठीएवढा काचेचा घुमट. आत काळी चकती.
ऊन पडलं की चकती तापते,
तापली की कुजबुजावी एवढीशी वीज देते,
आणि त्या कुजबुजीवर आम्ही ठरवतो
साठ हजार तावदानांनी आज काम केलं की टाळलं.

सोनाराचा काटा वेगळा, वखारीचा वेगळा.
खोटं दोन्ही बोलत नाहीत.
वखारीच्या काट्यावर गुंजभर सोनं ठेवा,
तो हलत नाही, इतकंच.
आम्ही आठ महिने सोनं वखारीत तोललं.

हिवाळ्यातलं सकाळचं ऊन तिरपं येतं.
तिरप्या उन्हात ते यंत्र
वीस-तीस वॅट पदरचे घालून सांगायचं.
ऊन जास्त, वीज तेवढीच,
मग हिशेबात कोणीतरी चोर निघायलाच हवा.
तावदानं हमीपत्रातली. इन्व्हर्टर कोरे.
राहिली धूळ.
राहिला धूळ पुसणारा एलेउतेरिओ चोके,
त्याचे चार भाचे
आणि टाकी बसवलेला ट्रक.

त्याने काचेवरून तर्जनी फिरवली,
माझ्यासमोर धरली.
स्वच्छ.
मी पडद्यावरचा आकडा दाखवला.
बोट आणि आकडा यांत कंपनी कोणाला मानते
हे त्याला माझ्याआधी कळलं.
टोपी घातली, गेला.

ऑगस्टमध्ये बँकेने एक अबोल बाई पाठवली.
तिच्या पेटीत तिचं स्वतःचं यंत्र होतं, अ वर्गाचं.
तिने ते आमच्या यंत्राशेजारी बसवलं,
पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला,
आणि तीन दिवस गाडीत बसून
सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्या.
चौथ्या दिवशी कागद समोर ठेवला.
दोन रेषा. दुपारी एकमेकींना चिकटलेल्या,
सकाळ-संध्याकाळ फाकलेल्या,
भांडलेल्या जावांसारख्या.

मापात पाप म्हणतात.
हे पाप कोणी केलेलं नव्हतं,
फक्त स्वस्तात घेतलेलं होतं.

नव्या खरेदीचा अर्ज माझ्याकडे आला.
मी लिहिलं: अ वर्ग, नग दोन.
एक सपाट, एक तावदानांच्या कलाने.
घुमटाला ऊब आणि वारा देणारं, पहाटे दहिवर धरू नये म्हणून.
दर दोन वर्षांनी पडताळणी, पाठवण्याच्या खर्चासकट.
ऑफिसच्या छतावर ब चालेल,
तिथे कोणाची भाकरी टांगलेली नाही.
(हे शेवटचं मी खोडलं.)
‘कारण’ या रकान्यात अचूकता हा शब्द मावला.
एलेउतेरिओ मावला नाही.

तो फोनवर सापडला. आंतोफागास्ताच्या बंदरात
आता कंटेनर धुतो.
मी सगळं सांगितलं, वॅटसकट.
बरं झालं, म्हणाला.
मागे कुठला तरी भोंगा वाजत होता.
मग म्हणाला, ट्रक विकलाय.

महागडं यंत्रसुद्धा रोज पुसावं लागतं.
उजाडायच्या आत मीच जाते मऊ फडकं घेऊन,
काचेवर बोट उमटू न देता.

रात्री सूर्य नसतो, आकडा शून्य हवा.
येतो उणे दोन.
जुन्याचा उणे अकरा यायचा, कोणी बघत नसे.
पुस्तिका म्हणते, निरभ्र रात्री घुमट
आपली ऊब आकाशाला देऊन बसतो,
त्रुटी मर्यादेत आहे.
संगणक ती आपोआप शून्य करतो.

माझ्या पडद्यापुरता
तो नियम मी बंद ठेवला आहे.